हात न जोडणारं मूल वर्गात कुठे उभं राहतं?

भाद्रपदातली गोष्ट. शाळेच्या गणपतीची आरती झाली आणि प्रसादाचं ताट वर्गात फिरलं. केळं घालून केलेला शिरा होता, वास पार व्हरांड्यापर्यंत येत होता. सातवीतला एक मुलगा हात मागे बांधून उभा. "घे की रे," मी म्हटलं. "नको बाई." "का? उपास आहे?" तो गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, हा मुसलमान झालाय वाटतं!" वर्ग हसला. त्या मुलाचे कान लाल झाले, आणि मी हातात ताट धरून तशीच उभी.

त्याच्या दाखल्यावर धर्म 'हिंदू' असाच लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. दारातूनच "दंडवत प्रणाम, बाई" म्हणाली, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. घर महानुभाव पंथाचं. चक्रधरस्वामींच्या वाटेने चालणारी ही माणसं इतर देवतांची पूजा करत नाहीत, त्यांचा प्रसादही घेत नाहीत. मी मराठी शिकवते. लीळाचरित्र हा मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. आणि ज्या पंथाने तो ग्रंथ दिला, त्या पंथातलं एक मूल माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसतं, याचा मला पत्ता नव्हता.

मुलांच्या धर्मश्रद्धांचा आदर करा, असं परिपत्रकं सांगतात, भाषणांतूनही ऐकू येतं. पण सोमवारी सकाळी परिपाठाच्या वेळी तो आदर नेमका करायचा कसा, हे कुणी सांगत नाही. वर्तमानपत्रात कधी हिजाबाची बातमी येते, कधी प्रार्थनेची, कधी पोषण आहारातल्या अंड्याची. पालक गोंधळतात, शिक्षक घाबरतात आणि मुलं मोठ्यांची तोंडं बघत राहतात. म्हणून हा विषय मुळापासून, जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडते आहे.

पन्नास मुलांचा वर्ग

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात हिंदू सुमारे ८० टक्के, मुसलमान साडेअकरा टक्के, बौद्ध जवळपास सहा टक्के, जैन सव्वा टक्का आणि ख्रिस्ती सुमारे एक टक्का होते. हेच प्रमाण पन्नास मुलांच्या एका वर्गाला लावून पाहा. चाळीस मुलं हिंदू, सहा मुसलमान, तीन बौद्ध. उरलेलं एक मूल जैन असेल, नाहीतर ख्रिस्ती, शीख किंवा पारशी.

हा झाला कागदावरचा वर्ग. खरा वर्ग असा मापात कधी बसत नाही. मालेगावच्या उर्दू शाळेत सगळी मुलं मुसलमान असतील, उत्तर नागपुरात बौद्ध मुलांची संख्या मोठी असेल, वसईत ख्रिस्ती मुलं पुष्कळ भेटतील, नांदेडला शीख. आणि 'चाळीस हिंदू' असं एका दमात म्हणून टाकलं तरी त्या चाळिसांत गळ्यात तुळशीची माळ घातलेलं, अंड्याला हात न लावणारं वारकऱ्याचं पोर असतं. इष्टलिंग धारण करणाऱ्या लिंगायत घरातली मुलगी असते. दाखल्यावर हिंदू पण घरी याहामोगी देवीला मानणारं नंदुरबारकडचं भिल्ल मूल असतं. आई-वडील देवच मानत नाहीत असंही एखादं असतं. "आमच्या शाळेत सगळे एकाच धर्माचे, आमच्याकडे हा प्रश्नच नाही" असं सहकारी म्हणतात, तेव्हा मला तो शिऱ्याचा दिवस आठवतो.

घरातल्या माणसाला घरचा वास जाणवत नाही. पाहुण्याला उंबऱ्यातच जाणवतो. शाळेचंही तसंच असतं. चाळीस मुलांना भिंतीवरची तसबीर, फळ्यावरचं 'श्री', सकाळचा श्लोक यांतलं काही वेगळं म्हणून दिसतच नाही. जे एकटं असतं, त्याला ते रोज दिसतं. यात कुणाचा दोष नाही. मात्र हे शिक्षकाला मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं, कारण ते एकटं मूल स्वतःहून कधी बोलणार नाही.

दोन शब्दांतला फरक

पुढचं सगळं समजायला दोनच शब्द पक्के करू. पहिला, धर्मशिक्षण: एखाद्या धर्माची श्रद्धा मुलाच्या मनात रुजावी म्हणून दिलेले धडे, करून घेतलेली उपासना. दुसरा, धर्मांची माहिती: कोणता धर्म काय सांगतो, त्याची माणसं काय करतात, त्याचा इतिहास काय, एवढं समजावून सांगणं.

पुरणपोळी कशी करतात, होळीला घरोघर ती का होते, हे वर्गात सांगणं ही माहिती. प्रत्येकाच्या ताटात ती वाढून "खाल्ल्याशिवाय उठायचं नाही" असं बजावणं ही गोष्ट वेगळी. पहिलीने कुणाचं काही बिघडत नाही. दुसरी चाळिसांना गोड लागेल, पण साखर चालत नसलेल्या एकाचं काय?

ही रेघ न्यायालयांनीही ओढली आहे. पंजाबातल्या एका विद्यापीठात गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती. त्यावर आक्षेप आला, तेव्हा असा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितलं. २००२ साली अरुणा रॉय खटल्यातही शाळेत सर्व धर्मांची माहिती द्यायला राज्यघटनेची आडकाठी नाही, असाच निकाल आला. म्हणजे 'निधर्मी शाळा म्हणजे धर्माचं नावही काढायचं नाही' हा समज चुकीचा आहे. उलट मुलांना एकमेकांच्या धर्मांविषयी काहीच न सांगणं मला धोक्याचं वाटतं. रिकाम्या जागेत मोबाइलवरचं काय काय येऊन बसतं, ते आपण बघतोच आहोत.

घटनेचं कलम २८, शाळेच्या भाषेत

शाळा आणि धर्म यांच्याविषयीचा मुख्य नियम राज्यघटनेच्या २८व्या कलमात आहे.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची शाळा यात आली. अपवाद एकच: एखाद्या देणगीदाराने किंवा न्यासाने धर्मशिक्षणाच्या अटीवर काढलेली आणि पुढे सरकारने फक्त चालवायला घेतलेली संस्था.

सरकारी मान्यता असलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या खासगी शाळेत धर्मशिक्षण असू शकतं. पण तिथे शिकणाऱ्या कुणावरही त्या तासाला बसण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. संमती हवी, आणि मूल सज्ञान नसेल तर पालकांची संमती हवी. हा तिसरा उपनियम, म्हणजे २८(३), लक्षात ठेवा. मिशनची शाळा असो, हिंदू संस्थेची असो, मुस्लिम किंवा जैन संस्थेची असो, मान्यता किंवा अनुदान घेतलेल्या प्रत्येकीला तो लागू आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये कॅथलिक मुलं धर्माच्या तासाला जातात आणि बाकीची मुलं त्याच वेळी मूल्यशिक्षणाच्या तासाला बसतात, ती व्यवस्था याच तत्त्वाला धरून आहे.

संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ला या कलमावर चर्चा झाली. सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको, याची कारणं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे दिली. करातून गोळा झालेला पैसा एका समाजाच्या धर्माकरता वापरायचा नाही हे आधीच ठरलं होतं, हे एक. इतक्या पंथांच्या मुलांना आपापल्या धर्माचे धडे शाळेने कसे पुरवायचे, ही अडचण दुसरी. तिसरं कारण रोखठोक होतं. मोक्षाचा खरा मार्ग आमचाच आणि बाकीचे चुकीचे, असं प्रत्येक धर्म सांगू लागला तर शाळेच्या आवारात शांतता कशी राहणार? मुलांच्या भांडणात रोज मध्यस्थी करणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे कारण लगेच पटेल.

केरळची तीन भावंडं

कायद्याचा कस लागतो तो प्रत्यक्ष मुलावर. १९८५ साली केरळातल्या एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं होती. घर 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचं. देवाखेरीज कुणाचंही स्तवन गायचं नाही, ही त्या पंथाची श्रद्धा. राष्ट्रगीत सुरू झालं की तिघंही ताठ उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या मोठ्या बहिणीही याच शाळेत अशाच वागत आल्या होत्या आणि कुणी त्यांना हटकलं नव्हतं.

मग एका आमदारांच्या हे नजरेस आलं. विधानसभेत प्रश्न झाला, चौकशी नेमली गेली. मुलं शिस्तीची आहेत, राष्ट्रगीताचा अनादर त्यांनी केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही २६ जुलै १९८५ला तिघांनाही शाळेतून काढून टाकलं. आदेश वरून आला होता. शासनाचा निर्णय होईपर्यंत मुलांना निदान वर्गात बसू द्या, असं वडिलांनी विनवलं, तर मुख्याध्यापिकेने आपला नाइलाज सांगितला. उच्च न्यायालयातही मुलं हरली.

११ ऑगस्ट १९८६ला सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेला हा निकाल प्रत्येक डी.एड.च्या वर्गात वाचून दाखवावा असा आहे. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही. आदराने उभं राहणं हाही आदरच आहे. आणि त्या मुलांची श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हे पाहायचंच नाही. ती मनापासून बाळगलेली आहे का, एवढंच पाहायचं. मुलांना परत शाळेत घ्या, त्यांचा अभ्यास भरून निघेल अशी सोय करा, असा आदेश झाला.

मला त्यातलं 'उभं राहणं' फार मोलाचं वाटतं. ती मुलं बाहेर निघून गेली नाहीत, लपली नाहीत, कुणाला गाण्यापासून अडवलं नाही. वर्गातच, इतरांच्या रांगेत, पण न गाता उभी राहिली. न गाणाऱ्यालाही रांगेत जागा आहे, असं न्यायालयाने सांगितलं. कुठल्याही शाळेबद्दल मत बनवताना मी हेच विचारते: जे मूल हात जोडत नाही, ते त्या वेळी कुठे असतं? रांगेतच असेल तर ठीक. वर्गाबाहेर, कार्यालयात किंवा 'तिकडे बाजूला' उभं असेल, तर संमतीचा कागद कितीही नीट भरलेला असो, त्या मुलाला रोज सकाळी शिक्षाच होते आहे.

"पण आमची प्रार्थना तर सगळ्यांचीच आहे"

हा आक्षेप मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, आणि तो वाईट मनाने कुणी घेत नाही. मानवता, सत्य, प्रेम यांच्याविषयीची प्रार्थना कुणाला का नको असेल?

शब्दांना बहुतेकांची हरकत नसतेच. हात जोडायला, डोळे मिटायला, तसबिरीपुढे वाकायला असते. नाशिकच्या एका शिक्षकांचं प्रकरण असंच होतं. शाळेच्या प्रार्थनेला ते उभे राहत, हात मात्र जोडत नसत. शाळेला ती बेशिस्त वाटली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही, आणि आधार दिला त्याच २८(३)चा. पगार घेणाऱ्या मोठ्या माणसाला ही मोकळीक असेल, तर दहा वर्षांच्या मुलाला ती नको का?

केंद्रीय विद्यालयांमधल्या संस्कृत आणि हिंदी प्रार्थनेचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१९मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या पीठाकडे नेण्याजोगा मानला. प्रार्थना कुठे संपते आणि धर्मशिक्षण कुठे सुरू होतं, ही रेघ न्यायमूर्तींनाही सहज ओढता आली नाही. आपल्याला ती ओढत बसायची गरजही नाही. "हात जोडा" असं सांगण्याऐवजी "शांत उभे राहा" असं सांगितलं की काम भागतं. आमच्या परिपाठात मी एवढाच बदल केला. प्रार्थना तीच राहिली, आवाजही तितकाच राहिला.

"तुमच्यात काय करतात गं?"

कायद्याच्या कचाट्यात न सापडणारी, पण मुलाला सर्वांत खोल लागणारी गोष्ट म्हणजे आपलं बोलणं.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. ही सोय सगळ्याच भाषांत नसते, आणि आपण ती वर्गात फार निष्काळजीपणे वापरतो. "उद्या आपला सण आहे, पुढच्या आठवड्यात त्यांचा." या एका वाक्यात चाळीस मुलं घरात बसतात आणि दहा अंगणात जातात. कुणाला शिवी दिलेली नाही, आवाज चढवलेला नाही, पण दहा मुलांना कळलेलं असतं.

'तुमच्यात' हा शब्दही तसाच. इतिहासाच्या तासाला औरंगजेब आला की वर्गातल्या दोन मुलांकडे माना वळतात. शिक्षक मायेने विचारतात, "तुमच्यात काय म्हणतात रे?" सहावीतल्या मुलाने चौदाशे वर्षांच्या धर्माचा वकील व्हावं, ही अपेक्षा कुठून आली? बौद्ध मुलीला जयंतीच्या दिवशी "तू बोल, तुमचे ना बाबासाहेब?" असं पुढे ढकलतात. मूल हे मूल आहे, त्याच्या समाजाचा प्रतिनिधी नाही. त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर जरूर सांगू द्यावं, पण बोट दाखवून उठवू नये.

निबंधाचं एक उदाहरण देते. विषय होता 'मी साजरा केलेला दसरा'. एका मुलीने लिहिलं की त्या दिवशी ती आजोबांबरोबर रात्रीच्या रेल्वेने नागपूरला गेली, दीक्षाभूमीवर खूप गर्दी होती, आजोबांनी पुस्तकं घेतली, तिला निळी फीत मिळाली. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता. लाखो मराठी घरांत दसरा म्हणजे ही आठवण. वही तपासणाऱ्या शिक्षकांनी लाल शाईने शेरा दिला होता: 'विषयांतर'. त्या मुलीने शेऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. पुढच्या निबंधात मात्र तिने शाळेच्या पुस्तकातला सोन्याच्या पानांचा दसरा जसाच्या तसा उतरवला. तिला वाटेल तसा लिहिलेला पहिला आणि शेवटचा निबंध तिने त्या दिवशी दिला होता.

धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरीत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असं आहे. शाळेच्या आरतीला जे बौद्ध मूल मागे सरकतं, त्याच्या मागे तीन पिढ्यांचा हा निर्धार असतो. तो हट्ट किंवा आगाऊपणा समजणं हे आपलं अज्ञान झालं.

गणवेश आणि अंगावरच्या खुणा

"गणवेश म्हणजे सगळे सारखे, मग कपाळावर टिळा कशाला आणि डोक्यावर रुमाल कशाला?" या प्रश्नात तथ्य आहे. गणवेशाने गरीब-श्रीमंत हा फरक झाकला जातो, ही त्याची मोठी कमाई. पण श्रद्धेच्या खुणेचा प्रश्न गणवेशाच्या नियमाने सुटत नाही, हे आपण कर्नाटकात पाहिलं. उडुपीतल्या एका सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाबावरून वाद सुरू झाला. ५ फेब्रुवारी २०२२ला राज्य सरकारने गणवेशाविषयी आदेश काढला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. १३ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी विचारलं की हिजाबापायी एखाद्या मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य अधिक चांगलं करतो आहोत का? प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला.

माझं मत न्यायमूर्ती धुलियांच्या बाजूचं आहे, आणि त्यामागचं कारण तात्त्विक नाही. शाळेचं दार मुलीसाठी एकदा बंद झालं की ते पुन्हा उघडणं किती अवघड असतं, हे मी पाहिलं आहे. मुलगी वर्गात असेल तर पुढे डोक्यावर काय घ्यायचं, काय नाही, हे ती स्वतः ठरवू शकेल.

"मग उद्या कुणी तलवार घेऊन येईल" असंही लोक म्हणतात. शिखांच्या कृपाणाचा उल्लेख राज्यघटनेच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे, तो त्या धर्माचरणाचा भाग मानलेला आहे. वस्तू इजा करू शकत असेल तर शाळा सुरक्षेसाठी वाजवी अटी घालू शकते. तिने कुणालाही इजा होत नसेल, तर अडवण्याचं कारण शाळेने द्यायचं. मुलाने ती वापरण्याचं कारण द्यायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा हवा. राखी, टिळा, मेंदी यांवरून मुलांना शिक्षा करणाऱ्या शाळांबद्दल राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये राज्यांना पत्र लिहिलं, तेही योग्यच होतं. राखी कापून टाकणारा शिक्षक आणि रुमाल ओढणारा शिक्षक यांच्यात मला फरक दिसत नाही.

डबा, रोजा आणि वेळापत्रक

पर्युषणात जैन मुलं बटाटा, कांदा, गाजर खात नाहीत. रमजानमध्ये काही मुलं हौसेने पहिला रोजा धरतात. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नसतो, पण मोठ्यांसारखं करून दाखवायची त्यांना कोण हौस! मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत बाकीची मुलं ताटं वाजवत असताना हे मूल भिंतीला टेकून बसतं. मी अशा मुलांना त्या वेळेत ग्रंथालयातली पुस्तकं लावायचं काम देते. कामापेक्षा खिचडीच्या वासापासून लांब, सावलीत बसायला जागा मिळते, हे महत्त्वाचं. खेळाच्या तासाला त्यांना धावायला लावत नाही आणि वर्गासमोर त्याचं कारणही सांगत नाही. "आज तू गुण लिही" एवढं पुरतं.

अंड्याचा वाद तर आपल्या डोळ्यांसमोरचा. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्राच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांसाठी केळं किंवा स्थानिक फळ. जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. मला पहिली व्यवस्था चांगली वाटली होती. खाणाऱ्याच्या ताटात अंडं, न खाणाऱ्याच्या ताटात केळं, आणि दोघं एकाच पंगतीत. माझ्या श्रद्धेपायी मी काय खायचं नाही हे मी ठरवावं. शेजारच्या मुलाच्या ताटातलं काढून घ्यायला मात्र माझी श्रद्धा पुढे येऊ नये.

वेळापत्रकाचं काम सर्वांत सोपं आहे आणि तेच राहून जातं. इस्लामी वर्ष चांद्र असतं, अधिक महिना धरत नाही, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे, म्हणजे नेमका परीक्षांच्या हंगामात. गुड फ्रायडेला सुट्टी असते, पण आदल्या दिवशी संध्याकाळी सराव परीक्षा ठेवली तर चर्चला जाणाऱ्या मुलाची ओढाताण होते. जूनमध्ये भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून अर्धा तास सगळ्यांनी बसलं तरी हे निभतं.

"म्हणजे सण साजरेच करायचे नाहीत?"

असं मी म्हणत नाही, आणि मला ते आवडणारही नाही. भोंडल्याची गाणी, दिंडी, ईदचा शीरखुर्मा, नाताळचा गोठा हे सगळं मुलांच्या आठवणीत जन्मभर राहतं. पूजा आणि उत्सव यांच्यात एक हातभर अंतर ठेवलं की झालं. दिंडीच्या दिवशी मुलांनी अभंग म्हणावेत, वारी म्हणजे काय ते समजून घ्यावं. पालखीपुढे कुणी वाकावं आणि कुणी वाकू नये, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रसादाचं ताट मी आता फिरवत नाही, टेबलावर ठेवते. ज्याला हवा तो घेतो. कुणी घेतला, कुणी नाही, हे कुणी मोजत नाही.

"हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे" असंही कानावर येतं. जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं. त्यात त्यांनी एका घराची कल्पना केली आहे. घरातली बाई ग्रंथ वाचून बौद्ध होईल, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी. सगळ्यांनी एकाच छपराखाली राहावं, कुणी कुणाच्या धर्माचा हेवा करू नये, द्वेष करू नये. पुण्यातल्या एका माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे मराठीत लिहून ठेवलं आहे. वर्ग म्हणजे त्या घरापेक्षा थोडी मोठी खोली.

मुलाला स्वतःला काय वाटतं?

हा प्रश्न अवघड आहे. कायदा पालकांची संमती मागतो. पण गॅदरिंगच्या गाण्यात नाचायची फार इच्छा असलेली एक मुलगी मला आठवते. तिच्या घरून 'देवाच्या गाण्यात नको' असा निरोप आला होता. तिला समजावणं मला जमलं नाही. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या चौदाव्या कलमात मुलाच्या स्वतःच्या श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे, आणि मूल जसं वाढेल तसं त्याला दिशा देण्याचा पालकांचा हक्कही आहे. दोन्ही एकाच कलमात. मी त्या वर्षी गाणं बदललं, शेतकऱ्याचं घेतलं, आणि ती नाचली. असं प्रत्येक वेळी जमेल असं नाही. पालकांचा शब्द मोडून मुलाला पुढे करणं मात्र शिक्षकाने टाळावं, कारण संध्याकाळी त्या घरात शिक्षक नसतो.

पालकांनी काय करावं

आधी वर्गशिक्षकांशी बोला, शक्यतो मूल सोबत नसताना. बहुतेक गोष्टी तिथेच सुटतात, कारण बहुतेक चुका माझ्या शिऱ्यासारख्या, माहीत नसल्यामुळे होतात. तिथे नाही सुटलं तर मुख्याध्यापक. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या बैठकीत विषय मांडा. मुलाला चिडवणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हा मानसिक छळ आहे आणि याच कायद्याच्या १७व्या कलमाने तो मना आहे. ३२व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. त्यापुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, पण राज्यघटनेचं २८(३) तिथेही आहे.

अर्जासाठी वकील लागत नाही. मी पालकांना असा मजकूर देते:

"मा. मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि. आमचा मुलगा इयत्ता सातवीत शिकतो. परिपाठाच्या वेळी तो रांगेत शांत उभा राहील. आमच्या श्रद्धेनुसार तो हात जोडणार नाही आणि पूजेचा प्रसाद घेणार नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार त्याने उपासनेत भाग घेण्याला आमची संमती नाही, याची नोंद घ्यावी. त्याला रांगेतून वेगळं काढू नये आणि वर्गात याचं कारण विचारू नये, ही विनंती."

दोन प्रती करा. एक शाळेत द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आणि मुलाला घरी सांगून ठेवा की अर्ज दिला आहे, त्याने कुणाला काही समजावत बसायचं नाही.